वाढीव गुणांचा मल्लखांब

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या मैदानात सायकली टेकवायला एखादा गुळगुळीत लाकडी खांब असेल, तर तो पूर्वी काय करत होता हे एकदा विचारून पाहा. मी तसाच एक आहे. लातूरच्या एका शाळेतला जुना मल्लखांब. माझी हकिकत ऐकून लोक हळहळतात. मला स्वतःला विशेष काही वाटत नाही. मी सागवान आहे. आमच्यात वाटून घेण्याची पद्धत कमी.

उदगीरच्या भुजंग सुतारांनी मला घडवले. खाली जाड अंग, वर निमुळती मान, टोकाला बोंड. तासताना ते सारखा माझ्यावरून तळहात फिरवत. "पोराच्या मांडीला कुसळ लागलं तर सुतार मेला समजा," असे म्हणत. मग तुरीच्या पोत्यांवर आडवा पडून मी ट्रकने लातूरला आलो. माणसांना काम संपल्यावर पुरतात. मला रुजू करून घेतानाच पुरले.

सुरुवातीची वर्षे बरी गेली. रोज एरंडेल मिळे. मुले सलामी देऊन चढत, बोंडावर उभी राहत, खाली लोक टाळ्या वाजवत. एका प्रजासत्ताकदिनी पाहुण्यांनी मला 'मराठवाड्याचा कणा' म्हटले आणि जाताना पानाची पिंक त्याच कण्याच्या बुडाशी टाकली.

पुढे शाळेच्या चारी बाजूंनी क्लास उगवले. मुरुड, किल्लारी, कुठून कुठून मुले डॉक्टर व्हायला येऊ लागली. खेळाचा तास गणिताने उसना नेला, तो परत केला नाही. माझ्या मानेला दोरी बांधून तिच्यावर वसतिगृहातले टॉवेल वाळू लागले. तेव्हा वाईट वाटले का, असे विचाराल. टॉवेल ओले असत, एवढे आठवते.

अशात एके सकाळी रेणुकादास आपल्या मुलीला घेऊन मैदानात आले. ते दुसऱ्या एका शाळेत गणित शिकवतात. मुलगी मृण्मयी आमच्याच शाळेत, नुकतीच दहावीत गेलेली. तिला नामांकित कॉलेजात अकरावी सायन्सला घालायचे होते आणि तिचे गुण दरवेळी थोडक्यात कमी पडत होते. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, हे रेणुकादासांना कुणीतरी सांगितले होते. त्यांनी आमच्या खेळाच्या संगप्पा सरांना गाठले.

"सर, कोणत्या खेळात मुलं कमी आहेत?"

"मल्लखांबात. कुणीच न्हाई."

"मग तोच द्या."

"भाजी घेऊन राहिलात का, रेणुकादासराव?" सर म्हणाले, आणि त्यांनी माझ्या मानेची दोरी सोडली.

रेणुकादासांनी मुलीला तिथेच अट घातली. "हे बघ बेटा, विभागीय स्पर्धा झाली, गुण मिळाले, की खांब बंद. मग दोन वर्षं फक्त बायोलॉजी."

"हो बाबा," ती म्हणाली. तेव्हा ती एकदाही चढलेली नव्हती, म्हणून तिला हे सोपे गेले.

पहिल्या दिवशी ती घसरत खाली आली. तळहात सोलले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. गणपतीपर्यंत तिला माझ्या मानेला नुसत्या मांड्यांनी धरून उलटे लोंबकळता येऊ लागले. उलटी असली की ती हसे. सरळ झाली की हसत नसे. मी फक्त नोंदवतो आहे.

स्पर्धा जवळ आली. एकदा बोंडावर बसून तिने विचारले, "सर, मी पडले तर?"

"तर गुण न्हाईत."

"आणि खांब?"

"पडलीस तरी बंद, चढलीस तरी बंद. तुझा बाप गणिताचा हाय. त्यानं सगळ्या बाजूंनी सोडवून ठेवलंय."

"मग नीटच चढते," ती म्हणाली.

स्पर्धेआधीच्या शनिवारी रेणुकादास भल्या सकाळी आले आणि त्यांनी हात जोडून माझ्यावर वाटीभर गोडेतेल ओतले. संगप्पा सर धावत आले.

"अहो, हा मारुती न्हाई! पोरगी घसरून पडंल की!"

"गुण देणाराय ना? मग आपल्याकडून काही कमी नको."

सरांनी आपल्या टॉवेलने मला पुसले. मग रेणुकादासांनाही पुसायला लावले.

स्पर्धा नांदेडला, तिथल्या खांबावर झाली. मी काही पाहिले नाही. ती पदक घेऊन आली, माझ्या मानेला हात लावला आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. टॉवेल परत आले.

निकाल लागला. वाढीव गुण धरून तिला त्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आता आमच्याकडे आनंद झाला की फलक लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. रेणुकादासांनीही करून आणला. त्यावर मृण्मयीचा फोटो, फोटोवर संगणकाने चढवलेला पांढरा कोट, खाली 'भावी डॉक्टर' आणि बाजूला क्लासचे संचालक हात जोडून. मल्लखांब कुठेच नव्हता. फलक लावायचा कुठे, यावर ते म्हणाले, "जिथून गुण आले, तिथंच." आणि चार खिळे घेऊन त्यांनी तो माझ्यावर ठोकला. दोन मानेत, दोन अंगात. गणिताचा हात, खिळे अगदी समान अंतरावर बसले.

ज्या खांबावर उघड्या मांड्यांनी चढतात, त्यात खिळा गेला की तो खांब संपल्यात जमा. दुखले का? आवाज चार वेळा झाला.

संध्याकाळी क्लास सुटल्यावर रेणुकादास मुलीला फलक दाखवायला घेऊन आले. तिने पाहिले. ती सरांच्या खोलीतून जंबूर घेऊन आली आणि खिळे उपटू लागली.

"अगं काय करून राहिलीस? फोटो फाटेल!"

"फाटू द्या."

"तुझंच तोंड आहे ते!"

"मला माहितीये ना कसं आहे ते, बाबा."

सरांनी भोकांत सरस आणि लाकडाचा भुसा भरला, वाळल्यावर घासले, एरंडेल लावले. रविवारी ती आली, सलामी दिली आणि चढली. मागोमाग स्कूटरवरून रेणुकादास.

"मृण्मयी, मिळाले ना गुण? आता हे कशासाठी?"

"कशासाठीच नाही, बाबा," ती वरून म्हणाली. ती उलटी होती.

त्यांना हे उत्तर तपासता येईना. ते संगप्पा सरांकडे वळले. "डॉक्टरकीच्या परीक्षेत ह्याचं काही धरतात का हो?"

"धेला न्हाई."

"मग उतर. टेस्ट आहे तुझी."

"टेस्ट अकराला आहे. आत्ता नऊ वाजलेत."

रेणुकादास बराच वेळ मान वर करून उभे राहिले. हेल्मेटसकट जाऊन स्कूटरवर बसले.

तेव्हापासून दर रविवारी बापलेक येतात. ती वर असते, ते खाली उत्तरपत्रिका तपासत असतात. मधूनच घड्याळ बघतात, पण हाक मारत नाहीत.

तर मित्रांनो, माझी विनंती एवढीच. आम्हाला थोडे एरंडेल द्या, खिळा देऊ नका. आणि कुणी वर चढलेले दिसले, तर कशासाठी चढलास म्हणून विचारू नका. उत्तर पटवून द्यायला त्याला खाली उतरावे लागते.