ऐंशी दिवस माझे

पत्रात लिहिलं होतं : प्रकरणाला झालेला उशीर अर्जदारामुळे आहे, सबब काम करण्याचा परवाना देता येत नाही.

कडेवरची सोलियाना त्या पत्राचा कोपरा चोखत होती. परवाच वर्षाची झाली. तो उशीर म्हणजे हीच.

आयर्लंडमध्ये आश्रय मागितला तेव्हा मला सातवा महिना होता. मुलाखतीची तारीख आली ती नेमकी बाळंतपणानंतरच्या सहाव्या दिवसाची. आमच्या एरिट्रियात मुलगी झाली की ऐंशी दिवस, तिचा बाप्तिस्मा होईपर्यंत, बाळंतीण घराबाहेर पडत नाही. छावणीत शेजारच्या खोलीतल्या लेतेब्रहानमावशी म्हणाल्या, "खरं ते लिही. त्यांनाही आया असतील."

मी खरं ते लिहिलं. ऐंशी दिवस मागितले. कचेरीने पुढची तारीख दिली तीनशे तीस दिवसांनी! मुलाखत झाली, निकाल अजून नाही, आणि सगळे तीनशे तीस दिवस माझ्या नावावर.

इकडे गावच्या डेअरीतले फिंटन माझ्यासाठी शुक्रवारपर्यंतच थांबणार होते. दूध तपासायच्या प्रयोगशाळेतली जागा. मी तिकडे, आमच्या राजधानीत अस्मारात, हेच शिकले. त्यांनी दोन नमुने पुढे ठेवले, मी पाणी घातलेला ओळखला. "परवाना आण, सोमवारपासून ये," म्हणाले.

फुकट सल्ला देणारी वकील ओर्ला बुधवारी आली, फेरविचाराचा अर्ज लिहायला.

"अगं, टाके होते ना तुला? मग आजारी होते असं लिहू. डॉक्टरची चिठ्ठी मी आणते. त्या रीतीचं नावच काढू नकोस. रीत म्हणजे तुझी मर्जी, आजार म्हणजे कारण."

"मी आजारी नव्हते, बाळंत झाले होते."

"मला कळतंय गं. पण त्यांच्या रकान्यात ते बसत नाही."

"त्यांच्याकडे पोरं पोस्टाने मागवतात का?" मावशी दारातून कडाडल्या. मग हळूच म्हणाल्या, "लिही बाई आजारी. माझंच ऐकून फसलीस."

पेन माझ्या हातात होतं. शुक्रवार दोन दिवसांवर.

"ओर्ला, माझं पहिलं पत्र त्याच फायलीत आहे ना?"

"हो."

"त्यात बाप्तिस्मा आणि ह्यात आजार. उद्या आश्रयाचा निकाल देणारा दोन्ही वाचेल. म्हणेल, ही बाई सोयीप्रमाणे बोलते. मग तिकडच्या तुरुंगातलं मी मुलाखतीत सांगितलेलं तरी खरं कशावरून?"

माझ्याकडे कागद नाहीत, साक्षीदार नाहीत. मी सांगते ते खरं, एवढ्यावरच मला इथे राहता येणार की नाही ते ठरणार. खरं बोलले म्हणून काम जाणार, खोटं बोलले तर आसरा जाणार. कुणी बसवलं असेल हे गणित, आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवत कसं असेल?

मी स्वतःच फिंटनना फोन केला. थांबू नका म्हटलं. ते हळहळले. "तुझ्याइतकं पक्कं कुणी नव्हतं," म्हणाले. हे ऐकून तर जास्तच पेटले.

मग लिहायला बसले. 'मी आजारी नव्हते. ऐंशी दिवस मी मागितले, ते माझे. उरलेले अडीचशे तुमचे. त्या दिवसांत तुमच्या कचेरीत कोण बाळंत होतं, ते लेखी कळवावं.'

ओर्लाने वाचलं. "शेवटची ओळ खोडायची का?"

"नाही," मी म्हटलं. "तीसुद्धा खरीच आहे."