धक्क्यावर जाऊ नकोस

वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, पण शुद्धीवर आलेला माणूस भलताच होता. छतावरच्या पंख्याकडे बघून ते "मशीन थांबवा, कागद फाटतोय!" म्हणून ओरडत होते.

"या वयात भूल उतरताना असं होतं," डॉक्टर म्हणाले. "दोनेक दिवस भरकटतील, मग येतील ताळ्यावर. वाद घालू नका."

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. दुपारी तो कामावरून थेट आला, निळ्या कपड्यांत, बोटांना ग्रीस तसंच. वडील जन्मभर छापखान्यात मशीनवर होते, तेही असलेच निळे कपडे घालायचे. आई चहा घ्यायला खाली गेली होती. वडिलांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आलास होय बोक्या?"

मुलगा चपापला. बोक्या हे वडिलांचंच लहानपणचं नाव. घाऱ्या डोळ्यांवरून थोरल्या काकांनी ठेवलेलं. काका गेले आणि त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही. डोळे मात्र मुलाने जसेच्या तसे उचलले होते.

"बाबा, अहो मी..."

"बस आधी. शाई निघत नाही ना? साबणाने नाही निघायची, रॉकेल लाव. आणि त्या फोरमनच्या नादी लागू नकोस, केसाने गळा कापेल. डावीकडची दाढ सांभाळ, पुढे फार छळते."

बाबा तरुणपणच्या स्वतःशीच बोलत होते. मुलाला हसू आवरेना. वाद घालू नका म्हटलंय, तर घालायचा नाही. तो शहाण्यासारखा मान डोलवत राहिला. मग वडिलांनी त्याचं मनगट घट्ट धरलं आणि आवाज खाली आणला.

"आणि ऐक. उद्या धक्क्यावर जाऊ नकोस. दाराला कडी घाल, झोपून राहा. पण जाऊ नकोस. ऐकशील ना बोक्या?"

मुलाचं हसू विरलं. धक्क्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. बाबा धापा टाकत बंदराच्या धक्क्यावर गेले, सगळ्यांसमोर आईला लग्नाचं विचारलं आणि आई हो म्हणाली. पाहुणे आले की बाबा ती रंगवून सांगायचे.

"ऐकेन," तो कसाबसा म्हणाला.

आई चहा घेऊन आली तेव्हा वडील घोरत होते.

पुढचे दोन दिवस मुलाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आई नको होती यांना? इतका संसार केला तो काय मन मारून? मग मी कोण? भ्रमातलं बोलणं मनावर घेऊ नये, असं एक मन म्हणे. दुसरं म्हणे, भ्रमातच माणूस खरं बोलतो. दुरुस्तीसाठी तिसऱ्या मजल्यावर उघडून ठेवलेली लिफ्ट त्याने दुसऱ्यावर जाऊन शोधली.

तिसऱ्या दिवशी वडील ताळ्यावर आले. चहा पाणचट आहे म्हणून कुरकुरायला लागले, तेव्हा सगळ्यांची खात्री पटली.

"बाबा, त्या दिवशी मला काय सांगितलंत आठवतं?"

"काय? शिव्या दिल्या का?" ते खरोखरच घाबरले. "सिस्टरला तर नाही ना दिल्या?"

मुलगा बाहेर येऊन बाकावर बसला. आई मागोमाग आली.

"तोंड का पाडलंयस?"

त्याने आधी टाळलं, मग सांगून टाकलं. आई रडेल, चिडेल, या तयारीने तो बसला होता. तिने नुसता पदर सारखा केला.

"आई, तू तिथे काय करत होतीस गं? धक्क्यावर?" हे आपण कधी विचारलंच नाही, हे त्याला त्याच क्षणी कळलं.

"जहाजावर चढत होते. समुद्राचे नकाशे काढणारं जहाज होतं, मला त्यावर नोकरी लागली होती. बॅग वर गेलीसुद्धा होती."

आई जन्मभर पाणीपुरवठा खात्यात पाइपांचे नकाशे काढत बसलेली, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"म्हणजे बाबा म्हणत होते की..."

"की मला अडवायला नको होतं. वेडा माणूस! मनात धरून बसला आणि माझ्याशी बोलला नाही." ती तरातरा आत गेली. मुलगा मागे.

"अहो, मी तुमच्यामुळे थांबले असं वाटतं तुम्हाला?"

वडिलांनी मुलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मग कशामुळे?"

"मला साध्या होडीतही मळमळायचं. जहाजाच्या जिन्याखाली उभी राहून थरथरत होते मी. तुम्ही आलात आणि मला निमित्त मिळालं. सुटले एकदाची, असं झालं."

"म्हणजे बरं झालं मी आलो?" वडिलांनी विचारलं.

"तेव्हा बरंच झालं. पुढे कधी कधी वाटायचं, मळमळ थांबलीही असती चार दिवसांनी."

"मग यायला हवं होतं की नको?"

"ते मला काय विचारता? मी तेव्हा एकवीस वर्षांची होते."

तिने उशी थोपटून त्यांच्या पाठीशी सरकवली. वडील मुलाकडे आशेने बघत राहिले, जणू त्याला ठाऊक असेल. मग वडिलांनी आईचा हात चाचपून धरला आणि विचारलं, "जहाजाचं नाव काय होतं गं?"

आई आठवायला लागली.