पिवळी फीत, हिरवी फीत

मी घरी कुत्र्यांची पिल्लं वाढवून विकते. फोन करून कुणी पहिल्याच वाक्यात "पिल्लू कितीला?" असं विचारलं की माझं डोकंच फिरतं. अहो, आधी पिल्लू कसं आहे ते तरी विचारा! बटाटे घेताय का?

एका प्लंबरने नेमकं तेच विचारलं. वर पुन्हा दारात उभा राहून तासभर घासाघीस. मीही त्याला आईबापाच्या तपासण्या, लसी, डॉक्टरांची फी, माझी आठ आठवड्यांची मोडलेली झोप, सगळं ऐकवलं. "स्वस्तातलं हवं असेल तर बाजारातल्या पिंजऱ्यातलं आणा, आणि मग दवाखान्याच्या पायऱ्या झिजवा," म्हणाले. शेवटी त्याने मुकाट्याने पूर्ण रक्कम दिली आणि पिवळ्या फितीचं पिल्लू घेऊन गेला. "कवडीचुंबक मेला!" मी नवऱ्याला म्हटलं.

चारही पिल्लं काळीकुट्ट, म्हणून ओळखायला गळ्यात रंगीत फिती. हिरव्या फितीवाल्याच्या हृदयात दोष होता. तो विकायचा नाही, आमच्याकडेच राहणार, हे ठरलेलं होतं.

तीन दिवसांनी डॉक्टरीणबाई हिरव्याला पुन्हा तपासायला आल्या. छातीला नळी लावली, काढली, परत लावली.

"याचं हृदय तर ठणठणीत आहे. हे ते पिल्लू नाहीच!"

विक्रीआधी आंघोळ घालून फिती पुन्हा बांधल्या होत्या मीच, आणि पिवळी-हिरवी बदलली होती. दुसऱ्या कुणावर खापर फोडायचीही सोय नव्हती.

फोनवर सांगायचा धीर होईना. टोपलीत निरोगी पिल्लू, पर्समध्ये प्लंबरचे सगळे पैसे, अशी थेट त्याच्या घरी गेले. दोन खोल्या, कोपऱ्यात पाइपांची चळत, आणि त्याच्या मांडीवर आमचं पिल्लू पोट वर करून झोपलेलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. "हे घ्या, ते मला द्या, आणि पैसेही ठेवा. चूक माझी आहे."

"त्याला खर्च किती येईल?"

सांगितला. ऑपरेशन, शिवाय जन्मभर औषधं.

तो पिल्लाच्या कानामागे खाजवू लागला. "ताई, खोटं कशाला बोलू? मला नाही झेपायचं. आज हौसेनं ठेवून घेईन, आणि उद्या अर्ध्यावर औषध बंद करावं लागेल." पैसे मात्र घेईना. "चांगलं पिल्लू नेतोय ना मी? मग ते तुमचेच."

मला माझ्याच जिभेची लाज वाटली. आजारी पिल्लू उचललं आणि बाहेर पडले.

फाटकापाशी पोचते तोच तो धावत आला. हातात फडक्यात गुंडाळलेलं गजराचं घड्याळ.

"हे शेजारी ठेवा. भावंडांवाचून पहिल्या दिवशी रड रड रडला. टिकटिक ऐकली की झोपतो. डाव्या कुशीवर नका निजवू, धाप लागते त्याला. आणि किल्ली रोज द्या, विसरू नका."

आठ आठवडे मी त्याला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. डाव्या कुशीचं मला माहीतच नव्हतं.