कूलरवरची हार्ड डिस्क

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. नशिराबादच्या सादियाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात माझी उमर गेली. एके काळी लोक लग्नाची शूटिंग माझ्यात भरून न्यायचे आणि म्हणायचे, "काय पण पोटात जागा आहे हिच्या!" पुढे माझ्याहून चपळ पोरी आल्या आणि मी जळक्या चार्जरांबरोबर खणात पडले. बोलायची सोय नाही, मित्रांनो, नाहीतर दोन शब्द सुनावले असते.

मे महिन्यातल्या एका दुपारी खण उघडला. यावलकडच्या पाड्यावरून हेमलता आली होती. गावाच्या वनजमिनीच्या दाव्याचा पुरावा पाच वाजायच्या आत जळगावच्या कचेरीत द्यायचा होता. उशीर झाला की दावा बंद. पुरावा म्हणजे तिच्या वडिलांनी, मंगाआबांनी, शिवेवर फिरून एकेक खूण दाखवलेले आणि हेमलताने स्वतः टिपलेले व्हिडिओ. आबा होळीच्या आधीच गेले. आता ते पुन्हा कोण दाखवणार?

दुकानात दुसरी रिकामी डिस्क नव्हती. सादियाने मला ते व्हिडिओ असलेल्या, लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपला जोडलं. एक वाजला होता. मला हात लावून तिचे वडील गफूरचाचा म्हणाले, "बेटी, ही तर तव्यासारखी तापलीय. ठेव कूलरवर, गार राहील."

चाचा कूलर दुरुस्त करतात. त्यांच्या मते जगातल्या अर्ध्या दुखण्यांवर कूलर हाच इलाज. माणूस लाखाचा, पण माझा घात केला हो! त्या कूलरचा पंखा एका बाजूला झुकलेला, सगळा पत्रा थडथड उडत होता. माझ्या आत तबकडी फिरते आणि केसाहून बारीक रेघेवर मला लिहावं लागतं. खडखडत्या एस्टीत बसून कधी लिहिलंय का तुम्ही? तसं झालं माझं. रेघ चुकायची, तबकडीचा फेरा पुरा होईपर्यंत थांबायचं, मग तेच परत लिहायचं.

तीन वाजले तरी पाव हिस्साच उतरला होता. पडद्यावर 'अजून सहा तास' दिसलं आणि हेमलताचा चेहरा उतरला.

सादियाने केबल बदलली. दुसऱ्या खाचेत लावली. माझी फाइल सिस्टिम तपासली, लिनक्सच्या नोंदी वरपासून खालपर्यंत वाचल्या. कुठेच काही नाही. "म्हातारी झालीय ही डिस्क," ती चिडून म्हणाली. मला इतकं लागलं म्हणून सांगू! खालची थडथड बघा ना, बाई! पण ओरडणार कशी?

आणि साडेतीनला लाइट गेली.

"या अल्ला!" सादियाने कपाळाला हात लावला. "बॅटरी वीसच मिनिटं चालेल."

कूलरचा पंखा फिरत फिरत थांबला. पत्रा गप्प झाला. आणि मित्रांनो, मी सुटले! एक रेघ नाही चुकली. पडद्यावरचा वेग सेकंदाला चार एमबीवरून नव्वदावर गेला. सादिया बघतच राहिली, मग ओरडली, "अब्बा, तुमच्या कूलरनेच घोळ घातला! थरथरत होती ती!"

"मी तर भल्यासाठी..." चाचा पुटपुटले.

बॅटरीचे पाच टक्के उरले असताना पडद्यावरची पट्टी पूर्ण भरली. हेमलताने घाईने केबलला हात घातला. "ताई, थांबा! नका ओढू!" सादियाने तिचं मनगट धरलं. "लिनक्स आधी स्वतःजवळ घेतो, मागाहून लिहितो. अजून लिहितोय." खरंच होतं. शेवटच्या फायली अजून माझ्यापर्यंत आल्याच नव्हत्या. चार टक्के. तीन. दोनला 'आता काढा' असं आलं आणि तिघांनी एकदम श्वास सोडला.

पावणेपाचला आम्ही कचेरीत पोहोचलो. उघडतंय का बघायला कारकुनाने एक व्हिडिओ लावला. मंगाआबा शिवेवर पुरलेल्या दगडावर काठी टेकून अहिराणीत म्हणाले, "हाऊ दगड मना बापनी गाडेल शे." कारकुनाने मान हलवली, पोचपावतीवर शिक्का मारला. व्हिडिओ बंद करायचा राहूनच गेला. पडद्यावर आबा थोडं चालले, वळले आणि थेट समोर बघून म्हणाले, "हेमा, सकायपाईन ऊनमा फिरी राहिनी तू. काही खादं का नही?"

सकाळपासून उपाशी असलेली हेमलता भरल्या कचेरीत, पावती हातात धरून म्हणाली, "नही, आबा."

आणि मग ती रडली. कारकुनाने पाण्याचा ग्लास पुढे केला.

मित्रांनो, ज्या माणसाचं बोलणं पुन्हा ऐकायला मिळणार नाही, ते एकट्या माझ्या भरवशावर ठेवू नका. दुसरी प्रत आजच करा. माझी तबकडी कधी थांबेल, मलाही ठाऊक नाही.