पँथिऑनच्या घुमटातलं भोक

मी रोममधल्या पँथिऑनच्या, म्हणजे एका जुन्या देवळाच्या नि आताच्या चर्चच्या, घुमटातलं भोक बोलतोय. हसू नका. मला कुणी घडवलं नाही. गवंडी घुमट बांधत वर आले, थांबले, आणि जिथे थांबले तिथे मी झालो.

एकोणीसशे वर्षं होत आली. माझ्यातून ऊन आत उतरतं आणि दिवसभर भिंतींवरून, फरशीवरून स्वप्नात चालल्यासारखं हिंडतं. खाली माणसं येतात, मान वर करतात, आणि तोंड मिटायचं विसरतात. इतकी उघडी तोंडं पाहिलीत, की ती माझीच भावंडं वाटतात.

ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या सणाला मात्र माझी ऐट असते. दुपारी प्रार्थना संपली की अग्निशामक दलाचे जवान घुमटावर चढतात, माझ्या काठावर पालथे पडतात आणि पोती भरभरून लाल गुलाबाच्या पाकळ्या खाली सोडतात.

त्यांतला नाझारेनो तीस वर्षं येतोय. पहिली मूठ बायकोच्या नावाने. एर्सिलिया खाली ठरलेल्या फरशीवर उभी. पण तिच्यावर एक पाकळी पडेल तर शपथ! खालची ऊब पाकळ्यांना भलतीकडे नेते. एक पाकळी तर तीन दिवस घुमटातच तरंगत होती. खोटं नाही सांगत.

यंदा त्याची शेवटची खेप. पुढच्या महिन्यात निवृत्ती. वाकून माझ्या कानात म्हणाला, "बाबा रे, आज तरी."

त्याने मूठ सोडली. पाकळ्या गेल्या थेट एका पाद्र्याच्या टकलावर. एक तेवढी माझ्या काठाला चिकटून राहिली.

गर्दी ओसरल्यावर तो खाली आला.

"काय रे," एर्सिलिया म्हणाली, "आगीवर तरी पाणी नीट पडायचं का तुझं?"

"वारा होता गं."

"तीस वर्षं वाराच आहे!"

तो हसला नाही. "आता संपलं, एर्सी."

तिचाही चेहरा उतरला. मी श्वास सोडला. काठावरची पाकळी सुटली आणि उन्हाच्या खांबातून गिरक्या घेत, झोपेत असल्यासारखी उतरू लागली. दोघांची तोंडं उघडी. ती अलगद त्याच्याच डोक्यावर बसली.

"तीस वर्षं माझ्यावर नेम धरलास, म्हाताऱ्या, आणि लागला तुला!" तिने पाकळी उचलून स्वतःच्या केसांत खोचली. "घे. पडली."

पुढच्या वर्षी दोघंही खालीच असतील. तुम्ही आलात तर त्यांना ती फरशी तेवढी मोकळी ठेवा. आणि पाकळी मी मुद्दाम धरून ठेवली होती, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. भोकाला कुठे हात असतात?