सूरजची तुकडी

‘ड्रॅगन मराठी बोलेल का?’ रुतिकाने ब्लॉगसाठी शीर्षक टाइप केलं आणि लगेच पुसून टाकलं. लोक हसतील. ‘जादूच्या राज्याचा नकाशा कसा काढावा?’ तेही पुसलं. तिला विचारतंय कोण! खाडीच्या तळाशी वसलेल्या राज्याची कादंबरी तिने रबाळ्याच्या कंपनीत बिलं बनवता बनवता लिहून काढली होती. प्रकाशक म्हणाले, आधी ब्लॉग लिहा, वाचक जमवा, मग बघू. तेव्हापासून तिच्या विषयांचं एक ना धड, भाराभर चिंध्या असं झालं होतं.

खरं तर विषय एकच होता आणि त्याचीच तिला भीती वाटायची. त्या राज्याचा राजपुत्र म्हणजे तिचा थोरला भाऊ, सूरज. काही वर्षांपूर्वी खाडीत होडी उलटली. होडी सापडली, तो सापडला नाही. बापाने जाळी विकली आणि द्रोणागिरीच्या गोदामावर वॉचमनची नोकरी धरली. पण सारसोळ्याच्या त्या घरात ‘बुडाला’ हा शब्द कोणी काढत नसे. आई, गंगू, म्हणायची, ‘खाडीत गेलाय.’ मासेमारीला खाडीत गेलेल्या माणसासाठी कालवणातली माशाची एक तुकडी काढून ठेवायची, ही घरची रीत. गंगू रोज वाटीत तुकडी काढायची, वर झाकण ठेवायची. सकाळी ती मांजराला जायची, आणि त्यावर कोणी बोलायचं नाही.

रविवारी रुतिकाने धीर करून लिहिलं, ‘माझा भाऊ बुडाला, म्हणून मी हे राज्य रचलं.’ आई कुठे ब्लॉग वाचतेय, अशी तिने स्वतःची समजूत घातली. तिथेच माशी शिंकली. शेजारच्या अर्पिताने ती पोस्ट मासळी बाजारात गंगूलाच वाचून दाखवली.

संध्याकाळी गंगूने टोपली उतरवली, हात धुतले आणि ती समोर येऊन बसली.

‘तू सूरजचं लिवलंस म्हनं. मना वाचून दाखव.’

रुतिकाने मोबाइल पालथा ठेवला. ‘आये, राहू दे ना. उगाच टेन्शन घेशील.’

‘तुज्या तोंडून आयकायचंय. वाच.’

‘माझा भाऊ...’ रुतिकाने मोबाइल उचलून सुरुवात केली. ‘माझा भाऊ खाडीत गेला, म्हणून...’

‘तसं नाय लिवलेलं तिथं. हाय तसं वाच.’

हा शब्द या घरात तोंडातून निघाला की सूरज खरोखरच मरेल आणि मारणारी आपणच असू, असं रुतिकाला वाटलं. आई नुसती बघत होती. शेवटी रुतिकाने वाचलं, ‘माझा भाऊ बुडाला.’

गंगू रडली नाही. कोरडेच हात पदराला पुसत राहिली.

‘तुज्या त्या राज्यात त्याला जेवायला कोन घालतं?’

रुतिकाने महाल रचले होते, सैन्य रचलं होतं, पाण्यात धावणारे घोडेसुद्धा. चूल मांडायची राहून गेली होती.

‘ते लिव पयलं,’ म्हणत गंगू स्वयंपाकाला उठली.

जेवायला बसल्यावर तिने नेहमीसारखी वाटी घेतली, चांगलीशी तुकडी काढली. झाकण हातात धरून ती थोडा वेळ थांबली. मग झाकण बाजूला ठेवलं आणि वाटी रुतिकाच्या ताटात रिकामी केली.

‘काटे बघून खा,’ ती म्हणाली.