एका चौकोनात दोनच रंग

"माझे ओठ काळे का झालेत?" ओतिलिया टीव्हीवरच्या स्वतःच्या चित्राला नाक लावून पुटपुटली.

"दुशानच्या मिशीमुळे," माझा नवरा ब्लाझेय म्हणाला. "पडद्यावरच्या एका चौकोनात दोनच रंग मावतात, पोरी. त्याची मिशी तुझ्या चौकोनात घुसली."

लेकीचं दुशानशी लग्न शनिवारी. लग्नाच्या हॉलच्या दारात, टीव्हीला जोडायच्या आमच्या डिडाक्टिक कॉम्प्युटरवर काढलेलं नवरानवरीचं चित्र झळकलंच पाहिजे, हा ब्लाझेयचा हट्ट. चेहरे पिवळेच, कारण माणसाच्या कातडीचा रंग त्या यंत्राला ठाऊकच नव्हता. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण दुशानचं हिरवं जाकीट टेकलं की ओतिलियाचा लाल एप्रन हिरवा व्हायचा.

"मेल्या, हिरवा एप्रन डोंगरापलीकडच्या पोरी घालतात!" सासूबाई लेकावर कडाडल्या. "लोक म्हणतील, नवरी तिकडून पळवून आणली."

"यंत्र काही बदलणार नाही," ब्लाझेय म्हणाला. "माणसं बदलू."

डेअरीतला दुशान म्हणजे भलता गुणी पोरगा. ज्या पातेल्यात मी कोलाचच्या गोड पावांसाठी आलुबुखारांचा मुरंबा शिजवते, त्यात त्यानं स्वतःचं जाकीट लाल रंगात उकळलं. मिशी काढली. ओठावरची जागा सोललेल्या अंड्यासारखी दिसू लागली. मग त्याच्या टोपीतलं पीस तिच्या मुकुटाला नडलं, तर तेही त्यानं उपटलं.

तरी काहीतरी डागाळायचंच. शेवटी ब्लाझेयनं त्याला चित्रात एक चौकोन बाजूला सरकवलं. ओठ लाल, एप्रन लाल, सगळं लख्ख! ओतिलिया खुदकन हसली. साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं, आणि मी घाईघाईनं कोलाचचं ताट फिरवलं.

"मग लग्नातही असंच उभं राहायचं," ब्लाझेय म्हणाला. "नाहीतर चित्र खोटं ठरेल."

सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूनं चौकोन आखले. एकात ओतिलिया, मग एक रिकामा, मग दुशान.

"बाबा, अजून एक सोडला तर?" ओतिलियानं विचारलं.

"आणखी खुलेल!"

दुशान सरकला.

"आणि अजून एक?"

तो पुन्हा सरकला. पाठ दाराला लागली.

"कोलाच घे रे," मी म्हणाले.

"नको, काकू." त्यानं मिशी नसलेल्या ओठावरून बोट फिरवलं. "ओतिलिया, तुला हे लग्नच नकोय ना?"